डाव्या थांब्याची झोकांडी : एका ४५० हेलिकॉप्टरच्या टेल पुशरॉडचं प्रकरण

दिवाळीच्या सुट्टीत ओळखीतला एक इंजिनिअरिंगचा पोरगा खोक्यात घालून रेडिओवर उडवायचं छोटं हेलिकॉप्टर घेऊन आला. ४५० वर्गातलं. मुख्य पाती ३२५ मिमीची, तीन सेलची २२०० एमएएच बॅटरी, टेल पट्ट्यावर चालणारी. तैवानच्या अलाइनच्या टी-रेक्स ४५० वरून जगभर ज्या नकला निघाल्या त्यांतलीच ही एक. कंपनीचं स्टिकर पहिल्याच आपटण्यात गेलं होतं, त्यामुळे नेमकी कुणाची ते त्यालाही सांगता येईना.

‘‘काका, हिचं शेपूट थांबतच न्हाई ओ. सगळं मेटल घातलं तरी.’’

सगळं मेटल म्हणजे टेलची पेटी, स्लायडर, बेलक्रँक, पात्यांचे ग्रिप, सगळं चकाकणारं अ‍ॅल्युमिनियम. त्याआधी टेलचा सर्व्होही (टेलच्या पात्यांचा कोन बदलणारी छोटी मोटर) नवा घेतलेला. मेसच्या दोन महिन्यांचे पैसे त्यात गेले होते आणि घरी ते अजून कुणाला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माळावर उडवून बघितलं. वारा नव्हता. होव्हरमध्ये (हवेत एका जागी तरंगताना) टेल सावकाश, सेकंदाला साधारण दोन झोके या गतीने डावी-उजवीकडे हलत होती. जायरोचा (टेल स्थिर धरायला सर्व्होला हुकूम देणारा सेन्सर) गेन, म्हणजे त्याचा तिखटपणा, कमी केला की झोके मोठे आणि आळशी व्हायचे. रेडिओवर ३० टक्क्यांच्या पुढे नेला की त्या झोक्यांवर एक बारीक, पटापट थरथर चढायची. म्हणजे गेनच्या दोन्ही बाजूंना रस्ता बंद. मला खरी खूण मात्र पिरुएटमध्ये (जागच्या जागी गिरकीत) मिळाली. नाक उजवीकडे फिरवून स्टिक सोडली, की हेलिकॉप्टर जागच्या जागी कट्ट थांबायचं. डावीकडे फिरवून सोडली, की पुढे २०-२५ अंश घसरून परत यायचं, झोकांडी खाल्ल्यासारखं.

मी बॅटरी काढली आणि त्याला म्हटलं, ‘‘आज आणखी उडवायचं नाही.’’ त्याचं तोंड पडलं. पण उजवीकडे थांबतं म्हणजे जायरो, सर्व्हो, पट्टा यांची कामं बऱ्यापैकी होत होती. पट्टा ढिला असता तर दोन्हीकडे बोंब झाली असती. एकाच बाजूला चूक होत असेल तर एकाच बाजूला कमजोर असणारा भाग शोधायचा. ढकलताना आणि ओढताना वेगळी वागणारी या सगळ्या साखळीत एकच वस्तू असते, पुशरॉड, म्हणजे सर्व्होपासून टेलपर्यंत जाणारी लांब बारीक काडी.

टेबलावर

बहुतेक आरसी हेलिकॉप्टरांचा मुख्य रोटर वरून बघताना घड्याळाच्या दिशेने फिरतो, त्यामुळे सांगाडा उलटा, नाक डावीकडे, फिरू पाहतो. टेल रोटर सतत त्याला उजवीकडे ढकलून धरतो. या मॉडेलमध्ये टेलचा दांडा मुख्य रोटरच्या ४.२४ पट फिरतो. मुख्य रोटर २६०० फेऱ्यांवर असेल तर टेल ११,००० च्या पुढे. इतक्या वेगात पात्यांवरचं केंद्रोत्सारी बळ त्यांना सपाट करू बघतं, म्हणजे पिच (पात्याचा कोन) शून्याकडे ओढतं. होव्हरमध्ये टेलला सात-आठ अंश पिच लागतो, आणि तो टिकवायला सर्व्होला दर क्षणी जोर लावावा लागतो.

आता या हेलिकॉप्टरची रचना अशी, की पुशरॉड मागे ढकलला की पिच वाढतो. म्हणजे होव्हरमध्ये काडी कायम दाबाखाली. नाक डावीकडे फिरत असताना थांबवायचं तर पिच एकदम आणखी वाढवायचा, म्हणजे आणखी ढकलायचं. उजवीकडून थांबवताना पिच कमी करायचा, म्हणजे ओढायचं, आणि त्यात पात्यांचं बळही मदतीलाच. ओढताना दोरीसुद्धा चालते. ढकलताना काडी कडक लागते.

मोटरच्या तीन तारा काढल्या. हे आधी करायचंच, विसरायचं नाही; या टेल पात्यांची टोकं उडताना ताशी ३०० किमीच्या आसपास असतात आणि चुकून थ्रॉटलला बोट लागलं तर नखासकट जातं. मग जायरो चालू करून त्याला सांगितलं, ‘‘मागचा स्लायडर चिमटीत घट्ट धर.’’ (टेलच्या दांड्यावर सरकून पात्यांचा पिच बदलणारा तुकडा.) मी रडरची स्टिक एका बाजूला नेली. सर्व्होचा हॉर्न (त्याच्या दांड्यावरचा, काडी हलवणारा छोटा हात) ओढण्याच्या दिशेला जाईना, चिमटीवर अडला. दुसऱ्या बाजूला नेली तर हॉर्न दीड-दोन मिमी आरामात पुढे गेला आणि स्लायडर जागचा हलला नाही. मधली वायर धनुष्यासारखी वाकली होती. पोरगा बघतच राहिला. दोन महिन्यांत ते एवढंसं वाकणं त्याला दिसलं नव्हतं, कारण जमिनीवर टेलवर भार नसतो. भार नसला की सगळं छान हलतं.

वायर १.२ मिमी पोलादी, सर्व्होपासून टेलपर्यंत २७ सेंमी. बूमवर, म्हणजे शेपटाच्या लांब नळीवर, चार प्लास्टिकचे गाइड. त्यांतला तिसरा कधीतरी ढिला होऊन पुढे सरकलेला, त्यामुळे तिसऱ्या आणि चौथ्यात १३० मिमी अंतर. कॉलेजात शिकलेलं ऑयलरचं बकलिंगचं (दाबाखाली काडी वाकण्याचं) सूत्र त्यालाच मांडायला लावलं. या जाडीच्या पोलादी तारेला १३० मिमीच्या मोकळ्या अंतरात साधारण १२ न्यूटन, म्हणजे सव्वा किलोच्या आत-बाहेर भार झेपतो. सर्व्हो २ किलो-सेंमीचा, काडी जोडणारा बॉल हॉर्नच्या १० मिमीवरच्या छिद्रात, म्हणजे सर्व्हो दोन किलोने ढकलू शकतो. तार सर्व्होच्या आधी हार मानणार. शिवाय हे सूत्र नाकासमोर सरळ काडीचं आहे. ही तार आधीच्या आपटण्यात वाकून हातानेच सरळ केलेली, तिच्यात बारीक पोक होताच. पोक असलेली काडी ठरावीक भाराची वाट बघत नाही, पहिल्या ग्रॅमपासून स्प्रिंगसारखी दबत जाते.

याशिवाय एक गोष्ट निघाली, आणि माझ्या मते सावकाश झोक्यांचं मूळ तिथे होतं. दोन्ही टोकांचे बॉल लिंक काढले आणि हेलिकॉप्टर नाक वर करून उभं धरलं. नुसती वायर गाइडमधून स्वतःच्या वजनाने खाली घसरायला हवी. घसरली नाही. बोटाने टिचकी मारली तेव्हा चार मिमी गेली आणि पुन्हा अडकली. चार गाइड एका रेषेत नव्हते, पहिला तर बूमभोवती थोडा फिरलेलाच होता. नंतर वायर बाजूला ठेवून नुसती टेलची यंत्रणा बघितली. नव्या मेटल स्लायडरच्या भोकाला कड राहिलेली, दांड्यावर एका जागी तो खरखरत अडायचा.

म्हणजे स्प्रिंगला घर्षण जोडलेलं. जायरो सांगतो थोडं ढकल, सर्व्हो ढकलतो, तार दबते, स्लायडर हलत नाही. जायरोला वाटतं कमी पडलं, तो आणखी मागतो. मग अडलेलं एकदम सुटतं आणि लागेल त्यापेक्षा जास्त जातं. आता उलटं मागायची पाळी. जायरो बिचारा दिवसभर असाच रेटत बसतो आणि आपण गेनच्या बटणाला दोष देतो.

प्ले, म्हणजे सांध्यांतली ढिलाई, किती होता? हॉर्न धरून टेलचं पातं हलवलं तर टोकाशी दोनेक मिमी. पोराने मेटलचा सगळा खर्च या दोन मिमीसाठी केला होता. आमच्या छंदात प्लेची भीती फार, कारण तो बोटाला जाणवतो, आणि जे बोटाला जाणवतं ते विकत घेऊन घालवता येतं. पण वर सांगितलं तसं होव्हरमध्ये भार सतत एकाच बाजूला असतो, त्यामुळे सांध्यांतला सगळा प्ले एका अंगाला जाऊन दाबून बसतो. तो उघडा पडतो पिच शून्यातून पलीकडे जाताना, म्हणजे जोरात खाली उतरताना किंवा ऑटोरोटेशनमध्ये (मोटर बंद करून उतरताना). या पोराची मजल अजून तिथवर गेली नव्हती.

मेटलचं आणखी एक दुखणं वजनाचं. जुन्या प्लास्टिक टेलपेक्षा ही १२ ग्रॅम जड भरली. मुख्य दांड्यापासून ३८ सेंमी मागे १२ ग्रॅम म्हणजे १८० ग्रॅमची बॅटरी अडीच सेंमी पुढे सरकवायला हवी. त्याने ती सरकवली होती, म्हणूनच कॅनोपी (पुढचं आवरण) नीट बसत नव्हती.

एका वेळी एकच

मला मोह होता सगळं एका बैठकीत बदलून टाकायचा. पण मग कशाने काय झालं ते कळत नाही. म्हणून पहिल्यांदा तीच वायर ठेवली. मेटल स्लायडर काढून जुना प्लास्टिकचा घातला. तो पोराने सुदैवाने फेकला नव्हता. गाइड मोकळे करून बूमच्या बाजूला दोरा ताणून एका रेषेत आणले, तिसरा मागे नेला, मोठं अंतर १०० मिमीच्या आत आणलं. वायर आता नाक वर केलं की सर्रकन खाली येत होती.

उडवलं. होव्हरमधले सावकाश झोके जवळजवळ गेले. डाव्या थांब्याची झोकांडी मात्र तशीच, फार तर थोडी कमी. म्हणजे झोके घर्षणाचे होते आणि झोकांडी लवचिकपणाची. एवढं वेगळं करून दिसलं हेच त्या सकाळचं काम. एक पैसाही न घालता अर्धं दुखणं गेल्यावर पोराने मेटलच्या डब्याकडे ज्या नजरेने बघितलं, त्यावर मी काही बोललो नाही.

आता काडी. तीन पर्याय होते. २ मिमीची पोलादी सळी घेतली तर ताठपणा तारेच्या साडेसातपटीवर जातो, पण वजन पावणेसात ग्रॅम, आणि तिची दोन टोकं खाली आणायला दिलेले बाक तसेच राहतात. बाक म्हणजे पुन्हा स्प्रिंग. सर्व्होच टेलजवळ नेणं हा दुसरा उपाय, पण एवढ्या छोट्या मशिनीत पंचवीसेक ग्रॅम शेपटाकडे न्यायचे म्हणजे मेटलची चूक दुप्पट करणं. राहिली कार्बन फायबरची नळी, बाहेरून ३ मिमी, आतून २ मिमी. २७ सेंमीचं वजन पावणेदोन ग्रॅमच्या आत. लांबीच्या दिशेने धागे असलेल्या नळीचा वाकण्याविरुद्धचा ताठपणा त्या तारेच्या पंधरा ते अठरापट. मध्ये एकच गाइड ठेवला तरी कागदावर ती १९ किलोपर्यंत झेपते. एवढी गरज कुणाला नाही, पण हा फरक हाताला लगेच कळतो.

(फार पूर्वी फोमच्या विमानात मी बांबूच्या कामटीचा पुशरॉड घातला होता. उन्हाळ्यात झकास चालला. जुलैत कोल्हापूरचा पाऊस लागला आणि एलिव्हेटर आपोआप दीड मिमी वर राहायला लागला.)

नळीच्या टोकांत आटे असलेले २ मिमीचे तुकडे बसवायचे असतात, त्यांवर बॉल लिंक फिरतात. उद्यमनगरात ओळखीचे एक लेथवाले मामा आहेत. त्यांनी पोलादी सळीचे ३५ मिमीचे दोन तुकडे कापून, डाय फिरवून आटे पाडून दिले. ‘‘एवढ्याशा कामाचे काय घ्यायचे? चहा पाजा,’’ म्हणाले. नंतर तुकडे हातात घेऊन विचारलं, ‘‘हे आत नुसतं चिकटवणार? गुळगुळीत सळी?’’ मी म्हटलं इपॉक्सी पक्कं धरतं. ते हसले फक्त.

नळी करवतीने कापताना तोंडाला मास्क आणि पाण्याचा हात. कार्बनची धूळ छातीत जायला नको. एका तुकड्याचा १५ मिमी भाग आत, बाकीचा बाहेर. पाच मिनिटांत सुकणारं इपॉक्सी लावून मी घाईच केली. दुसऱ्या दिवशी ताण बघायला एक टोक शिकंज्यात धरलं, दुसऱ्याला तांदळाची पाच किलोची पिशवी लटकवली. सर्व्हो जास्तीत जास्त तीन किलोच्या आत जोर लावणार, म्हणून पाच. पहिला मिनिटभर काही झालं नाही. मग पिशवी हळूच खाली आली. तुकडा दोन मिमी बाहेर सरकला होता. मामांचं हसू मला तेव्हा आठवलं.

हे हवेत झालं असतं तर पुशरॉड लांब होऊन टेल एका टोकाला अडकली असती आणि हेलिकॉप्टर भोवऱ्यासारखं फिरत खाली आलं असतं. म्हणून दुसरी नळी नीट केली. सळीच्या आत जाणाऱ्या भागावर करवतीने आडव्या खाचा, नळीच्या आतून पॉलिश पेपरची गुंडाळी फिरवून खरबरीत केलं, दोन्ही आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं, आणि २४ तास लागणारं इपॉक्सी. हवा अडकून सळी परत बाहेर ढकलली जाऊ नये म्हणून फिरवत फिरवत आत घातली. नळी टोकाशी उभी फाटते, ते टाळायला तोंडावर १० मिमी गोधडीचा दोरा घट्ट गुंडाळून पातळ सायनो (झटपट चिकटणारा गोंद) सोडला. या वेळी पिशवी रात्रभर लटकली. सकाळी खूण जिथे केली होती तिथेच होती.

बॉल लिंक नवे प्लास्टिकचेच घातले. नवा लिंक बॉलवर घट्ट बसतो, तो तसाच लावायचा नाही. पक्कडीने हलके दाबत, फिरवत, त्याचं टोक आडवं धरल्यावर स्वतःच्या वजनाने खाली पडेल इतकं मोकळं करायचं. गाइड एकच, मधोमध, नळीपेक्षा मोठ्या भोकाचा. त्याने नळीला धरायचं नसतं, फक्त ती फार हलली तर अडवायचं असतं.

मग हॉर्न

पुशरॉड कडक झाल्यावर गेन ३० वरून ३८ पर्यंत गेला. डावा थांबा उजव्यासारखा झाला. पण ३८ च्या वर बारीक थरथर परत. तिचं कारण काडीत नव्हतं, हॉर्नच्या छिद्रात होतं. १० मिमीवर बॉल लावला की सर्व्होच्या एका अंशात टेल फार चालते, जायरोचा प्रत्येक बारीक हुकूम मोठा होतो. खूणही होतीच. टेल दोन्ही टोकांना अडू नये म्हणून जायरोचा लिमिट (सर्व्होने किती फिरायचं त्याची मर्यादा) ६० च्या आसपास उतरवावा लागला होता. बॉल ७ मिमीवर आणला, लिमिट ९० च्या घरात गेला. सर्व्हो आता आपल्या पूर्ण फिरण्याचा वापर करतो. जोर वाढला, बारकावा वाढला. वेग थोडा कमी झाला, पण सर्व्हो डिजिटल आणि चपळ असल्याने ते जाणवलं नाही. संथ सर्व्हो असता तर मी ८ वरच थांबलो असतो.

पुशरॉडची लांबी जुळवताना जायरो हेडिंग होल्डमधून (नाकाची दिशा आपणच धरून ठेवणारा मोड) काढून साध्या मोडवर. हॉर्न पुशरॉडला काटकोनात, रडरचा ट्रिम शून्य, सबट्रिमला हात नाही. होव्हरला नाक ज्या बाजूला सरकेल त्याप्रमाणे लिंक फिरवायचा. २ मिमीच्या सळीवरच्या दोन आट्यांतलं अंतर ०.४ मिमी, म्हणजे एक पूर्ण फेरा ०.४. लिंकची एकच बाजू बॉलवर बसायची असल्याने अर्धा फेरा मारता येत नाही. तिसऱ्या प्रयत्नात नाक स्थिर झालं. मग परत हेडिंग होल्ड. गेन ४४ वर ठेवला.

दुपारी दोनला मी मुद्दाम पुन्हा साध्या मोडवर उडवलं. नाक सावकाश डावीकडे सरकत होतं. सकाळी गार होतं, दुपारी उन्हात बूम हाताला चटका देत होता. अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर वाढतं, कार्बन जवळजवळ नाही. ३० सेंमीच्या बूममध्ये ३० अंशांच्या फरकाला ०.२ मिमी, म्हणजे ७ मिमीच्या हॉर्नवर दीड अंशाहून जास्त. पोलादी तार बूमबरोबर थोडी तरी वाढायची, म्हणजे या एका बाबतीत जुनी वायर सरस होती. हेडिंग होल्ड हा फरक गिळून टाकतो, उडवणाऱ्याला कळतही नाही. पण कुणी साध्या मोडवरच उडवत असेल तर त्याने लांबी जुळवायची ती आपल्या उडवण्याच्या वेळेच्या उन्हात.

नंतरचं

फेब्रुवारीत पोराचा फोन आला. आवाजावरूनच कळलं. उतरताना ढेकळावर टेकून मशीन कलंडली, मुख्य पात्याने बूम झोडपला. बूम वाकला आणि कार्बनची नळी मधोमध कुसळासारखी उभी फाटली. तार असती तर वाकली असती आणि माळावरच पक्कडीने सरळ करून त्याच दिवशी पुन्हा उडवता आलं असतं, वाईट का होईना.

‘‘काका, दुसरी नळी आठवड्याने येणार. तवर ती जुनी वायर घालू का?’’

‘‘घाल. गाइड चारही लाव, दोरा ताणून. आणि गेन तिसावर आण.’’

‘‘तिसावर? मग डावीकडं परत तसंच…’’

‘‘होणार. तू आठवडाभर उजवीकडे फिर.’’